मामांच्या रेकॉर्डमधली रिकामी सम

तीर्थरूप मामीस,

दातांच्या डॉक्टर भाच्याचा, मान वर न करता, नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना दुखतात की उतरताना, हे विचारायचं मी मागच्या वेळी विसरलो. इकडे सगळे ठीक आहेत, मी सोडून. मला रोग काही नाही, फक्त कुणाला तोंड दाखवायची सोय राहिलेली नाही (आणि धंदा लोकांची तोंडं बघण्याचा!).

तू मला किती विश्वासाने बोलावलं होतंस. मामा गेल्यावर त्यांचं कपाट उघडलंस, तर आत ‘रेगे’ नावाच्या परदेशी संगीताच्या जुन्या रेकॉर्डच रेकॉर्ड. तुला त्यातली एकच ठेवायची होती, मामांची सगळ्यात आवडती. पण ती कुठली हे तुला ठाऊक नव्हतं, कारण मामा दार लोटून ऐकायचे आणि मधल्या भिंतीवर टकटक झाली की तू स्वयंपाकघरातून चहा घेऊन जायचीस, एवढाच तुझा त्या गाण्यांशी संबंध. म्हणून घरातला गाण्यातला जाणकार म्हणून मला विचारलंस. (जाणकार हे मीच ठरवलेलं. मैफलीत पुढे बसून समेवर मान डोलावतो, एवढाच पुरावा.) मी ऐकल्या आणि निकाल दिला की सगळा माल सदोष आहे. गायक मधेच पाणी प्यायला उठल्यासारखा गायब होतो आणि मागे नुसते ढोल घुमत राहतात. गिटारवाला भलत्याच जागी ‘चक’ करतो. आणि समेवर तर काहीच नाही! मी ऐटीत मान टाकली ती थेट रिकाम्या जागेत, आणि लचकली. त्या रागात मी सगळा ढीग रद्दीवाल्यासाठी व्हरांड्यात काढायला लावला आणि त्यातल्या त्यात कोऱ्या कव्हरची एक ‘हीच आवडती असणार’ म्हणून तुझ्या हातात ठेवली. तू ती पदराने पुसलीस.

ढिगातली एक मी न विचारता उचलली, हेही सांगून टाकतो. दवाखान्यातला रेडिओ बिघडला होता. घरचा रेकॉर्ड प्लेअर तिथे नेऊन ती लावली त्याच दिवशी खुर्चीत नेमके माझे सासरे होते. निवृत्त मुख्याध्यापक, त्यांना हसताना सासूबाईंनीही पाहिलेलं नाही. तोंडात कापूस, डोळे छताला. मी दात कोरत होतो आणि माझं लक्ष त्यांच्या पायाकडे गेलं. अंगठा हलत होता! तोही मी चुकीची ठरवलेल्या त्याच जागी, गिटारच्या ‘चक’वर. सम आली की अंगठा थांबायचा, जणू तिथे कुणाला बसायला जागा करून देतोय. आणि मामी, मला एकदम कळलं गं. ती जागा त्या लोकांनी मुद्दाम मोकळी सोडलेली आहे. खालून ती जाड आवाजाची बास गिटार आपल्या चालीने चाललेली, गायकाचं देवापाशी गाऱ्हाणं चाललेलं, घर लांब आहे, न्याय मिळत नाही, पण सगळं मांडी घालून, सावकाश. कुणालाच कुठे पोचायची घाई नाही. एक गाणं संपून दुसरं लागलं तरी आपण त्याच खोलीत बसलेले. मामा तासन्‌तास आत काय करत होते, ते मला तिथे समजलं. माझे डोळे भरून आले, मान डोलायला लागली, मानेबरोबर हात डोलायला लागला, आणि शेजारचा चांगला दात कोरला गेला.

सासरे माझ्याशी बोलत नाहीत. त्यांच्या वतीने तुझी भाचेसून बोलते, ते जास्त लागतं. मात्र ‘दात दाखवायला’ म्हणून ते रोज संध्याकाळी दवाखान्यात येतात, खुर्चीत डोळे मिटून बसतात आणि रेकॉर्डची दुसरी बाजू संपली की दात न दाखवता निघून जातात. मी फक्त मधे रेकॉर्ड उलटून लावतो.

गुडघ्यांना जप. मोठ्यांना नमस्कार सांगायलाही लाज वाटते, तेवढा तूच सांग.

तुझा,
स्वयंघोषित जाणकार भाचा

ता. क. रद्दीवाला आला तर त्याला दारातूनच वाटेला लाव. येऊन गेला असेल तर त्याच्या दुकानावर कुणाला तरी पिटाळ, काही उरलंय का बघायला. मी रविवारी येतोच. हे पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच होतं, वरचं सगळं धीर गोळा करण्यात गेलं.

आणखी एक. ढिगात अगदी तळाशी एक रेकॉर्ड आहे. तिच्या कव्हरवर कपाच्या बुडाचे गोल गोल डाग पडलेत, एकात एक अडकलेले. ‘पार खराब’ म्हणून मीच ती खाली टाकली होती. मामांची आवडती ती, मामी. तुला दिलेली कोरी त्यांनी कधी लावलीही नसेल.

आणि हे लिहू की नको, असं करत शेवटी लिहितोय. ती डागांची सापडली तर लाव आणि मामांच्या खुर्चीत बसून भिंतीला हात लाव. टकटक कुठे पडते ते तुझं तुलाच कळेल. मामा चहा मागत नव्हते गं, ताल धरत होते. आई तर सांगते, लग्नाआधी तिचा भाऊ चहाला शिवतसुद्धा नसे.