पहारेकऱ्याच्या माणसांचीही झडती

दि. ४ जून, सकाळी.
सूनबाई घरी बसून कंपनीचे काम करते. सोमवारी तिला साहेबांपुढे प्रोग्राम चालवून दाखवायचा आहे. चालला, तर नोकरी घरूनच. न चालल्यास बिऱ्हाड हेड ऑफिसच्या गावी. मी हे घर सोडणार नाही, असे स्पष्ट केले आहे. सबब तिच्या कामात जातीने लक्ष घालण्याचा निश्चय. शिक्षण चौथीपर्यंत, परंतु त्या काळची चौथी.

दि. ५ जून.
सूनबाईने समजावले. प्रोग्राममधील एकेक काम म्हणजे फंक्शन. ज्यावर लक्ष ठेवायचे, त्याच्या डोक्यावर 'तपासणी' हे चिन्ह लावावयाचे. त्यास अ‍ॅनोटेशन म्हणतात. मग एकाच जागी हुकूम लिहावयाचा, की हे चिन्ह दिसेल तेथे आधी पहारेकरी उभा राहील, नोंद करील, मगच काम पुढे जाईल. हा हुकूम म्हणजे पॉइंटकट. मी म्हणालो, कारखान्याच्या गेटवर हयातभर हेच केले. बिल्ला दिसला की थांबव, नाव लिही, सोड. "बाबा, मग तुम्ही माझे सीनियरच की," असे ती म्हणाली. थट्टा नसावी.

दि. ६.
हुकूम पाहिला. एकच ओळ, ती लिहिण्यासही सूनबाईला अर्धा दिवस. नवी पिढी. चिन्ह कॉपी-पेस्ट करण्यास शिकलो. मुलगा तिला म्हणाला, "बाबांच्या हाती कीबोर्ड कशाला दिलास?" दुर्लक्ष केले.

दि. ७, रविवार, दुपारी.
सूनबाई झोपली असता प्रोग्राममध्ये फेरी मारली. एका फंक्शनवर चिन्ह नाही. नाव 'नोंद'. पहारेकरी याच्याकडूनच नोंद करवून घेतो. म्हणजे स्वतःच्या माणसांना तपासणी माफ. आमच्या गेटवर मी स्वतः झडती देत असे. चिन्ह लावले. कोणास सांगितले नाही. उपकाराचा गाजावाजा मला आवडत नाही.

दि. ८.
प्रोग्राम साहेबांसमोर बंद पडला. नोंद करण्याआधी पहारेकरी, त्याने नोंद करण्याआधी पुन्हा पहारेकरी. अखेरपर्यंत आत कोणी गेलेच नाही. सूनबाई शांतपणे म्हणाली, "बाबा, तुमच्या पहारेकऱ्यानं स्वतःलाच अडवून ठेवलं." पहारा कडक होता, हे साहेबांनीही नाकारले नाही. यंत्रच कमकुवत.

दि. २२, सायंकाळी.
सामानाचा टेम्पो उद्या. मी येणार नाही, असे पुन्हा बजावले. मुलगा "बरं" म्हणाला. आग्रह करण्याची पद्धत राहिलेली नाही. दाराशी भरलेली ट्रंक पाहून सूनबाईने विचारले, ही कोणाची. चौकशी करून कळवतो, असे सांगितले.