राक्षसिणीचे गाल

दिनांक ९ जानेवारी

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. मजकूर चांगला आहे. एकाच वाक्यात पाच वेळा ‘आणि’ आलेले पाहून हात लाल शाईकडे गेला होता. परंतु तू आता एका विभागाची प्रमुख आहेस, हे आठवून तो आवरता घेतला. जावईबापूंची पाठ कशी आहे? त्यांना म्हणावे, खुर्चीत सरळ बसणे हे फुकटचे औषध आहे. म्हणूनच ते कोणी घेत नाही.

येथील वर्तमान असे. थंडी कोरडी पडली आहे. हीटर लावला की खोलीतला उरलासुरला ओलावाही नाहीसा होतो, न लावावा तर बोटे वळत नाहीत. शेजारचे निवृत्त इंजिन-ड्रायव्हर सध्या बुद्धिबळात मला हरवीत आहेत. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

तुझ्या आईच्या आजारपणातली जालीम औषधे एकदाची संपली, हे तुला ठाऊकच आहे. डॉक्टर समाधानी आहेत. वाचनालयात मात्र ती अजून जात नाही. शनिवारची मुलांची गोष्टींची बैठक हल्ली एक चष्मेवाल्या बाई चालवितात. मी मागच्या बाकावर बसून ऐकून आलो. बाईंचे उच्चार निर्दोष, विराम जिथल्या तिथे. मुले मात्र पूर्णविरामाच्या आधीच पेंगतात. निघताना ग्रंथपालांनी मला जिन्यात गाठले.

“काका, वार्षिक दिनापर्यंत मी आजींची वाट बघतो. त्या दिवशी आल्या तर खुर्ची त्यांचीच. नाही आल्या, तर मला कुणाला तरी कायमचं नेमावं लागेल हो.”

वार्षिक दिन फेब्रुवारीच्या अखेरीस आहे. तुझी आई म्हणते, गुडघा दुखतो.

ती खुर्ची गेली तर या घरात काय उरेल, हे तुला समजावून सांगण्याची गरज नाही. मुलांनी तिचे ‘हजारतोंडी आजी’ असे नाव ठेवले, ते उगाच नव्हे. भित्रा राजा, चोंबडी कोंबडी, दाढ दुखणारी राक्षसीण ही सारी मंडळी त्या एका चेहऱ्यात पोटभाडेकरू म्हणून राहत असत. सोमवारपासून ती शनिवारची तालीम करी. मी आमटी वाढायला सांगितली, तर राक्षसीण वाढी. आता घरात फार शांतता आहे. शांतता मला आवडते, असे मी आयुष्यभर सांगत आलो. ते विधान तूर्त स्थगित समजावे.

तू दोनदा विचारले आहेस की, तू नोकरीसाठी दूर गेलीस म्हणून आई रागावली आहे काय, आणि त्यामुळेच फोनवर चेहरा दाखवीत नाही काय. ती रागावलेली नाही. कॅमेरा बिघडला आहे, असे तिने तुला सांगितलेच आहे.

जाता जाता एक किरकोळ विचारणा. चेहऱ्याची त्वचा अतिशय कोरडी पडली, गालांचे पापुद्रे निघू लागले, तोंड मोठे उघडताना ओठांच्या कडेला भेग पडून रक्त येऊ लागले, तर आजकाल काय लावतात? तेल लावून पाहिले. वरून चकाकी येते, आतली ओढ तशीच राहते. माझ्या वयाच्या माणसाने असले प्रश्न विचारणे शोभत नाही, हे जाणतो. उत्तर पत्रानेच पाठवावे. या दोन खोल्यांत फोनवरचे बोलणे भिंतींनाही पाठ होते.

तुझे बाबा


दिनांक २ फेब्रुवारी

चि. खारूताईस आशीर्वाद.

बाटली मिळाली. सोबतची चिठ्ठीही मिळाली. “बाबा, या वयात कुणाला भुरळ घालायची आहे?” हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असल्यामुळे मला त्याचे काहीही वाकडे करता आले नाही.

बाटलीवरचे ‘हायलुरॉनिक ॲसिड’ हे नाव मी सवयीने मोठ्याने वाचले आणि तेथेच फसलो. स्वयंपाकघरातून लगेच आवाज आला, “हायलु- काय? ॲसिड? तोंडाला ॲसिड लावणार? मागल्या जन्मीचं वैर आहे का हो माझ्याशी?”

हे वाक्य ओघात लिहून गेलो. आता खोडत नाही; पत्रात खाडाखोड करणे माझ्या रीतीत बसत नाही. होय, चेहरा तिचा आहे. माझ्या गालांचे चामडे होऊन कैक वर्षे लोटली आणि त्यांची काही तक्रार नाही.

तिची त्वचा त्या औषधांनी कोरडी केली. औषधे संपली, कोरडेपणा मुक्कामाला राहिला. गुडघा ठणठणीत आहे. परवाच ती स्टुलावर चढून वरची फळी पुसत होती. कॅमेराही बिघडलेला नाही. तुझा फोन आला की ती त्याच्या भिंगावर अंगठा ठेवते. न्हाणीघरातल्या आरशावर तिने टॉवेल वाळत घातला आहे, तो वाळून महिना झाला. मला तिने बजावले होते, “पोरीला एक अक्षर कळवायचं नाही. माझं असलं तोंड बघितलं, तर हातातलं टाकून धावत येईल. आत्ता कुठे तिचं बूड स्थिर झालंय.” तेव्हा राग कोणावर आहे आणि माया कोणावर, याचा हिशेब तूच कर.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना विचारूनच प्रारंभ केला. त्या म्हणाल्या, “नाव ॲसिड असलं तरी हे भाजणारं नाही, आजी. आपलं शरीरही हे बनवतं. याचं काम एकच, पाणी धरून ठेवायचं.” एवढ्यावर मी कार्यभार स्वीकारला.

आणि काम चोख करण्याच्या हौसेपायी ते पार बिघडवले. ओल्या भिंतीला कोणी रंग देत नाही, हा माझा सिद्धान्त. म्हणून तिचा चेहरा धुववून घेतला, मऊ फडक्याने टिपला, पुन्हा टिपला, पाण्याचा लवलेश उरू दिला नाही. तिला गारठा लागू नये म्हणून हीटरसमोर बसवले. मग थेंब मोजून लावले. दुपारपर्यंत चेहरा ताणलेल्या डफासारखा झाला! मला वाटले, सुरुवात आहे, चिकाटी हवी. आठवडाभर मी त्याच चिकाटीने तिचे हाल केले.

शेवटी ती म्हणाली, “अहो, तुमच्या औषधानं माझ्यात होतं नव्हतं तेवढं पाणी पिऊन टाकलं. आता मी राक्षसीण नाही, राक्षसिणीचं वाळलेलं भूत झाले.” मग बाटली उचलून वरच्या फळीवर ठेवली आणि हात पुसत म्हणाली, “बसू दे त्या बाईंनाच खुर्चीत. चांगल्या वाचतात.”

तिच्या बोलण्यात कडवटपणा असता तर मी निश्चिंत झालो असतो. तो नव्हता, म्हणून घाबरलो.

दुसऱ्या दिवशी हाती काही काम नसल्यामुळे छापखान्यातले दिवस आठवीत बसलो होतो. तुला लहानपणी दाखवले होते, आठवते का? तपासणीची पहिली प्रत काढण्यापूर्वी आम्ही कागद ओलवून घेत असू. कोरडा कागद शाई नीट घेत नाही. ओलसर कागद प्रत्येक अक्षर उचलतो. आणि ओलवलेले कागद तसेच उघडे ठेवले, तर वाळून आक्रसतात. म्हणून त्यांवर मेणकापड झाकून ठेवायचे. ही रीत मी उभी हयात पाळली आणि घरच्या माणसाच्या गालाला मात्र भिंतीसारखे वागविले! जो पदार्थ पाणी धरतो, त्याला धरण्यासाठी आधी पाणी तर दिले पाहिजे. मी त्याला कोरड्या गालावर, वाळक्या हवेत बसवले. त्या बिचाऱ्याने जेथून मिळाले तेथून ओढले.

जिन्यात जाऊन डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या हसू लागल्या. “अगदी बरोबर, आजोबा! ओलसर चेहऱ्यावरच लावायचं, आणि लगेच वरून साधं क्रीम. तुम्ही एवढं घासूनपुसून घ्याल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.”

म्हणजे बाटलीला मेणकापडही हवे होते. क्रीम आजच आणले. आता तिचे मन वळवायचे आहे, आणि ते आम्लाहून तीव्र आहे. तू मात्र काहीच ठाऊक नसल्यासारखे वाग. फोनवर रडू नकोस.

तुझे बाबा


दिनांक १ मार्च

चि. खारूताईस शतशः आशीर्वाद.

विजय! उद्गारचिन्हे मी जन्मभर काटकसरीने वापरली, ती आजच्यासारख्या दिवसासाठीच.

सारे क्रमाने सांगतो. बाटली पुन्हा उघडायला तुझी आई मुळीच तयार नव्हती. तेव्हा मी विनवणी केली नाही. स्वतःच आरशासमोर उभा राहिलो. टॉवेल बाजूला केला. डावा गाल ओला ठेवून त्यावर थेंब लावले आणि वर क्रीम. उजवा गाल पूर्वीच्याच माझ्या पद्धतीने, खडखडीत पुसून. दुपारी तिच्यापुढे जाऊन बसलो आणि म्हणालो, “परीक्षण कर.”

तिने बोटांच्या मागच्या बाजूने दोन्ही गाल चाचपले. “डावा बरा लागतोय हो,” ती म्हणाली. “उजवा तुमच्या स्वभावासारखाच आहे.” मग हात पुढे करून म्हणाली, “आणा इकडे ती बाटली.”

त्यानंतर रोज सकाळी कोमट पाण्याने चेहरा धुणे. घासायचे नाही, नुसते टिपायचे, तेही अर्धवट. चेहऱ्यावर ओल असतानाच थेंब, तळहाताने दाबून. आणि ते वाळण्याच्या आत क्रीम. हीटर मंद, त्याच्या शेजारी ओला पंचा टांगलेला. पहिल्यांदा ओढ गेली. मग पापुद्रे थांबले. ओठांच्या कडेच्या भेगा सर्वांत हट्टी निघाल्या, पण त्याही मिटल्या. सुरकुत्या सगळ्या जागच्या जागी आहेत. त्यांवर माझा काहीही आक्षेप नाही. एके दिवशी मी आमटी मागितली आणि पातेल्यामागून चोंबडी कोंबडी बोलली, “किती वाढू? चोचभर की पिसाराभर?” त्या दिवशी मी आमटी तीनदा मागून घेतली.

तरीही वार्षिक दिनाच्या सकाळी तिचा पाय दारातून निघेना. “कोंबडीचं ठीक आहे हो. कोंबडीला तोंड उघडावं लागत नाही. राक्षसिणीची दाढ दाखवताना ओठ उलला म्हणजे? पोरांसमोर रक्त?”

“मग कोंबडीच कर,” मी म्हणालो.

“पोरं राक्षसीण मागणार.”

“मग राक्षसीण कर.”

“तुम्हाला काय जातंय बोलायला!” असे म्हणत तिने चपला घातल्या. रागाच्या भरात ती निघते, हे मला ठाऊक आहे.

वाचनालयात बसायला जागा नव्हती. मी तिसऱ्या रांगेत, भिंतीला टेकून. चष्मेवाल्या बाई पुढेच होत्या. तुझी आई खुर्चीत बसली आणि एक मुलगी ओरडली, “आजी, दाढ!” मग सगळी मुले, “दाढ! दाढ!”

गोष्ट तुला पाठ आहे. सारे रान राक्षसिणीच्या कण्हण्याला घाबरून लपते. शेवटी एक मुंगी तिच्या जबड्यात शिरून किडलेली दाढ ओढते. आई कण्हू लागली. आधी हळू, मग गाल फुगवून. मी तिच्या ओठांच्या डाव्या कडेवर नजर खिळवून बसलो होतो. मुंगी राक्षसिणीच्या पायाशी आली. मुंगी म्हणाली, “आ कर.” आणि तुझ्या आईने आ केला, खारू! असा आ की, पुढच्या ओळीतली दोन मुले मागे सरकली. जबडा उघडला, गाल ताणले गेले, आणखी ताणले गेले, आणि ते टिकले. कोठे भेग नाही, कोठे लाल ठिपका नाही. ते तिलाही त्याच क्षणी कळले असावे. कारण दाढ निघाल्यावर राक्षसीण हसते ते हसू गोष्टीत एवढे लांब नाही. ती थांबेचना. मुले तिच्याबरोबर हसू लागली, ग्रंथपाल हसू लागले, आणि माझ्या शेजारचे इंजिन-ड्रायव्हर, ज्यांना बुद्धिबळात मला हरविल्यावरही मी हसताना पाहिलेले नाही, ते रुमालात तोंड खुपसून बसले. मुलांनी दाढ पुन्हा काढायला लावली. मुंगी दमली, असे सांगून तिने सुटका करून घेतली.

ग्रंथपालांनी काही जाहीर केले नाही. ती उठली तेव्हा त्यांनी खुर्चीवर हात ठेवला आणि एवढेच म्हणाले, “शनिवारी वेळेवर या, आजी.” चष्मेवाल्या बाई पुढे आल्या. “ते आ करण्याचं मला शिकवाल का?” तुझी आई म्हणाली, “शिकवते की. मला तुमचा श्वास शिकवा. माझा कोंबडीपाशी संपतो.” आता शनिवारी दोघी बसणार आहेत. बाईंना मुंगी दिली आहे.

आज तिने स्वतः सांगितले, “पोरीला कळवा, कॅमेरा सुधारला. संध्याकाळी फोन कर म्हणावं.” मी तुला आधीच सर्व लिहिले होते, हे तिला ठाऊक नाही. असेल, तर ती दाखवीत नाही.

एक गोष्ट उरली. ते थेंब आता ती स्वतःही लावू शकते. हात चालतात, आरसा उघडा आहे. तरी रोज सकाळी धुतलेला चेहरा घेऊन ती माझ्यापुढे स्टुलावर येऊन बसते आणि डोळे मिटते. मी थेंब लावतो. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिच्या लिखाणातली प्रत्येक चूक दाखविली. तिच्या कपाळावर डाव्या भुवईच्या वर एक बारीक तीळ आहे, हे मला गेल्या महिन्यात कळले.

आत्ताही तिच्या चेहऱ्याला थेंब आणि क्रीम लावूनच लिहावयास बसलो. हात पुरते कोरडे केले नाहीत, त्यामुळे शाई दोन ठिकाणी फुटली आहे. पत्र पुन्हा लिहून काढणार नाही. असेच राहू दे.

ओल्या हातांचा,
तुझा बाबा