पैकीच्या पैकी मार्कांचा पेशंट

झोम्बा, शुक्रवार

तीर्थस्वरूप एस्टेरीताईस,

धाकट्या लामेकचा नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात, मंगोचीला मासळी मिळते का, भावोजी अजून चहात चार चमचे साखर घालतात का, सगळं सविस्तर कळव. माझा मधुमेह पूर्ण ताब्यात आहे (डाव्या पायाच्या तळव्याला जरासं लागलंय, पण दुखत नाही, म्हणजे काळजी नको). हे मी म्हणत नाही, दवाखान्याचा कागद म्हणतो.

त्याचं झालं असं. परवा बुधवारी तियामिके नर्सने (तीच, जिला मी चौथीत भागाकार शिकवला) बाकावरच्या आम्हा बारा जणांना एकेक कागद दिला. आपला मधुमेह आपणच सांभाळू याची किती खात्री वाटते, ते शून्य ते दहात लिहायचं. "खरं खरं लिहा हं, ही परीक्षा नाही," असं ती म्हणाली. एकतीस वर्षं हेडमास्तरकी केलेल्या माणसाच्या हातात प्रश्नपत्रिका द्यायची आणि वर परीक्षा नाही म्हणायचं! लग्नघरीसुद्धा मक्याच्या न्सिमाचा एकच गोळा खाल? दहा. (गेल्या शनिवारी पाच खाल्ले. नको म्हटलं असतं तर वाढणाऱ्या वहिनींचा अपमान झाला असता, आणि अपमानाबद्दल कागदात प्रश्नच नव्हता.) रोज चालाल? दहा. बाकावर सगळे माझे जुने विद्यार्थी, नाहीतर त्यांचे आईबाप. माना हळूहळू माझ्याकडे वळल्या. जन्मभर कॉपी पकडली मी ताई, पण खरं सांगतो, कागद मीच जरा तिरका धरला.

बाराही जण पैकीच्या पैकी! तियामिके कागद चाळत म्हणाली, "स्वतःला इन्सुलिन टोचून घ्याल, याचेही सगळ्यांचे दहा? अहो, या बाकावर इन्सुलिन कुणाला आहे?"

"मला काय विचारतेस बाई? गुरुजींनी लिहिलं म्हणून आम्ही लिहिलं!" नासिबेको आजी ओरडल्या, आणि सगळा बाक हसत सुटला.

मग तिने बाकीच्या प्रत्येकाला बाजूला घेऊन तोंडी विचारलं. अकरांचे आकडे धडाधड खाली आले. ज्यांचे कमी, त्यांनी दर बुधवारी यायचं, पाय तपासून घ्यायचे, पथ्य शिकायचं. माझा कागद मात्र तिने दोन्ही हातांनी परत दिला. "गुरुजी, तुमचं लिहिलेलं मी कशी खोडू?" म्हणाली. मी आता थेट सहा महिन्यांनी जायचं. मान असावा तर असा.

तुझा,
लामेक

ता. क. कागद सोबत पाठवतोय. भावोजींना दाखव, म्हणजे जरा शिकतील.

आणखी एक ता. क. 'रोज स्वतःचे तळवे तपासाल का,' असाही एक प्रश्न होता. मला वाकता येत नाही, ताई. तुझी भावजय मेबल होती तोवर ती बघायची. काल मोजा काढला तर रक्ताने भरलेला, आणि वास येतो. तियामिकेपुढे जाऊन खोटं लिहिलं म्हणायला जीभ रेटत नाही. तू पहिल्या बसने निघ आणि माझ्या वतीने तूच सांग तिला. मी फार घाबरलोय.