ओसियाँला रात्र काढायची नाही

३ सप्टेंबर

हो, खाते मी मटण! म्हणून काय तुझी देवी मला पायरीवरनं ढकलून देणार? — असं म्हटलं आज कस्तुरीला. चार घरं सोडून राहते. मारवाडी जैन, पण नगरची, म्हणून भांडते मराठीत. लंडनच्या या अख्ख्या हाउन्सलोत माझ्याशी भांडायला तेवढी एकच.

तिची कुलदेवी तिकडे राजस्थानात. वाळवंटात ओसियाँ म्हणून गाव आहे, तिथली सच्चियाय माता. लग्नानंतर जोडीनं जायचं असतं म्हणे. नवऱ्याला कधी सुट्टी मिळाली नाही, आता तर तोही नाही. म्हणते, मधू, तूच चल माझ्याबरोबर. जोडी म्हणून मीच उरले होते का!

मग गोष्ट सांगितली. देवी आधी मांस घ्यायची, एका जैन महाराजांनी सोडायला लावलं. म्हटलं, बिचारी! सुनेच्या घरी राहायला गेली असणार.

आमची सून शाल्मली किचनमध्येच होती. ऐकलं तिनं. ऐकू दे.

९ सप्टेंबर

नातीनं आयपॅडवर ओसियाँची देवळं दाखवली. "आजी, हा देऊळ किती ओल्ड आहे?" म्हटलं, दिया, बाराशे वर्षं असेल, माझ्याहून थोडं मोठं.

टेकडीवर देवीचं, खाली महावीराचं. आणि हरिहराची जुनी, त्यांच्या गाभाऱ्यात मूर्तीच नाही. आत रिकामं, आणि बाहेर काय ते कोरीव काम — बाई गं! दगडी बायका नाचतायत. कुणाचं नाक गेलंय, कुणाचा हात गेलाय, तरी आपल्या नाचतातच.

बघता बघता डोळ्यांत पाणी. दियाला म्हटलं, कांदा. ती म्हणते, "पण इथे कांदा नाहीय."

हे गेल्यापासून असं होतं. कशाचंही होतं.

१७ सप्टेंबर

आज बसमध्ये कस्तुरीनं नवीनच सांगितलं. ओसवालांनी, म्हणजे तिच्या जातवाल्यांनी, ओसियाँला रात्र काढायची नाही. पूर्वापार चालत आलंय. दर्शन घ्यायचं आणि अंधार पडायच्या आत गाव सोडायचं. म्हटलं, ही कुलदेवी आहे का आपली मुलं? या म्हणायचं आणि राहू नका म्हणायचं! इतकी हसली, इतकी हसली, ड्रायव्हरनं आरशातनं बघितलं.

मग जरा वेळानं म्हणाली, "तुला नाही ना गं बंधन. तू राहा एक रात्र. अंधारात देऊळ कसं दिसतं, वाळू गार पडते का, सगळं बघ आणि मला सांग. आमच्या घरात कुणी बघितलेलंच नाही."

सातवी शिकलेल्या बाईला कुणी इतकं मोठं काम सांगितलं नव्हतं.

२ ऑक्टोबर, दसरा

तिकिटं आली! तिच्या मुलानं, यतीननं काढली, नोव्हेंबरअखेरची. आमचा अतुल म्हणाला, "गो आई, एन्जॉय." घरातनं जाणार म्हणून त्यालाच जास्त आनंद.

संध्याकाळी कस्तुरीकडे गेले. देवीसाठी लाल चुनरी आणून ठेवलीय. ती घडी करता करता हळूच म्हणाली, "जोधपूरहून मी नगरला जाईन, भावाकडे. मग तिथंच राहीन म्हणते. यतीनला आत्ता बोलू नकोस."

"आणि इथलं?"

"इथलं काय? दिवसभर बसायची ती खिडकी. ती काय, कुणीही बघेल."

मी काहीतरी चावट बोलले. काय ते आठवत नाही.

३ ऑक्टोबर

काही नाही. कपडे धुतले.

७ ऑक्टोबर

तिकिटं रद्द. माझंही जाणं राहिलं.

यतीनच्या कानावर गेलंय की आई बसस्टॉपवर चक्कर येऊन पडली. "आई, तू लपवतेस सगळं. एवढ्या लांब रिस्क नको. नेक्स्ट इयर बघू." कस्तुरी माझ्याकडे वळली. "मी कधी पडले? मधू, तू होतीस ना बरोबर? सांग की त्याला!"

मी म्हटलं, माझं लक्ष नव्हतं.

ती म्हणते, सुनेचंच काम. स्वातीनंच कान भरले.

१५ ऑक्टोबर

रोज जाते तिच्याकडे. नकला करून दाखवते, शाल्मलीची, जीपीच्या दवाखान्यातल्या रिसेप्शनवरच्या बाईची. हसत नाही. स्वातीच्या हातचं खात नाही. आज म्हणाली, "देवीनंच नको म्हटलं असेल. माझंच काहीतरी चुकलं असेल गं."

चहा तसाच टाकून घरी आले.

२१ ऑक्टोबर, दिवाळी

फराळ द्यायला गेले तर स्वातीनं किचनमध्ये माझा हात धरला. "काकू, मी नाही हो काही सांगितलं. आई माझ्याशी बोलत नाहीत. यतीनही नाव सांगत नाही. तुम्ही तरी विश्वास ठेवा."

म्हटलं, ठेवते.

पोरगी रडली. चकल्या चांगल्या झाल्या होत्या तिच्या.

२ नोव्हेंबर

यतीन आणि स्वाती दोघंही ब्रॅकनेलला नोकरीला. चक्कर येणाऱ्या आईला दिवसभर एकटं कसं ठेवायचं? म्हणून कस्तुरी कार्डिफला, लेकीकडे. वैभवी तिथं हॉस्पिटलात नर्स आहे. कायमचंच.

हे मला सुचलंच नव्हतं.

८ नोव्हेंबर

गेली. गाडीत बसल्यावर काच खाली केली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तू तरी जा ओसियाँला. रात्र काढ. मला फोनवर सांग." मी म्हटलं, तुझ्या देवीला मटण खायला घालून येते! तेव्हा हसली. किती दिवसांनी हसली.

गाडी वळेपर्यंत उभी होते. मग नंतरही.

९ नोव्हेंबर

कस्तुरी कधीच पडली नव्हती. यतीनला फोन मी केला. ती नगरला राहिली असती आणि मी इथं एकटी राहिले असते, म्हणून केला.