येऊ दे, येऊ दे

मंगळवार, ४ तारीख

काल लिहिलेल्यात एक चूक झाली आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की पहिल्यांदा गाडी धक्क्याला लावताना मुकादमांनी मागे उभं राहून मला आवाज दिला. आज सकाळी आभार मानायला गेले, तर ते चहाचा कप तसाच धरून माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले की ते कुणाच्याच गाडीमागे उभे राहत नाहीत, अजून त्यांना जगायचंय. तेव्हा खरं एवढंच, की आवाज दिला. कुणी दिला ते मला ठाऊक नाही. लिहिलेलं खोडायचं नाही, खाली खरं काय ते लिहायचं, हा बाबांचा नियम.

बाकी कालचं सगळं बरोबर आहे आणि सगळं छान आहे. मला नोकरी लागली! दहा चाकांची निळी गाडी, पत्र्याला पोचे, पण इंजिन अगदी शहाण्या मुलासारखं, पहिल्या हाकेला उठणारं. राहायला टायरच्या गोदामावर एक खोली. खाट, बादली आणि खिडकी. खिडकीतून सगळं आवार दिसतं : फाटक, गाड्यांची रांग आणि समोर धक्का. धक्का म्हणजे छातीएवढा उंच सिमेंटचा ओटा. गाडीची मागची बाजू त्याला टेकवली की हमाल गोण्या थेट आत नेतात. मोठी गाडी उलटी घेताना मागचं काहीच दिसत नाही, आरशांत फक्त दोन कडा दिसतात. म्हणून मागे माणूस लागतो. तो ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणत राहतो आणि पुरे झालं की फाळक्यावर, म्हणजे गाडीच्या मागच्या उघडझाप फळीवर, थाप मारून ‘बास’ म्हणतो. मला कंपनीनं क्लीनर दिलेला नाही. तरी काल गाडी अशी टेकली की मध्ये बोट जाऊ नये.

बाबांना फोन केला. माझी पहिली शाळा म्हणजे बाबांची केबिन. अक्षरं मी रस्त्यावरच्या पाट्यांवरून शिकले, पाढे घाटाच्या चढणीवर म्हटले, आणि पाय क्लचला पोचले तेव्हा मागे उभं राहून गाडी उलटी घ्यायला त्यांनीच शिकवलं. आता साखरेच्या दुखण्यानं त्यांची नजर गेल्यात जमा आहे. समोरचं धूसर दिसतं, बाजूचं मुळीच नाही. फोनवर त्यांनी इतकंच विचारलं की ब्रेकची हवा लवकर भरते ना. मग फोन वहिनीकडे दिला. वहिनी म्हणाली की डोळे पुसतायत.

शुक्रवार, ७

इथल्या लोकांना मी नको आहे. हे लिहिण्याआधी मी अतिशयोक्ती तर करत नाही ना, असा दोनदा विचार केला. नाही करत. मी गाडी लावायला घेतली की सगळे ड्रायव्हर कडेला ओळीनं बसतात, सर्कस बघायला बसावं तसे. एक म्हणतो, माकडाच्या हाती कोलीत. दुसरा विचारतो की बाईसाहेब, ते स्टेअरिंग आहे, पाळण्याची दोरी नव्हे, कळतंय ना? मागे उभं राहायला मात्र कुणी उठत नाही.

तरी आवाज येतो. येऊ दे, येऊ दे. बास. आणि गाडी बरोबर टेकते. मग ते हसत नाहीत. एकमेकांकडे बघतात.

एक चमत्कारिक गोष्ट. स्वतः गाडी उलटी घेताना हे लोक रेडिओ पार मोठा करतात. बाबांनी असा निष्काळजीपणा पाहिला असता तर कानाखाली आवाज काढला असता. माझ्या केबिनमध्ये रेडिओच नाही. खाच आहे, वायरी आहेत, आणि त्या नुकत्याच कापलेल्या दिसतात, तांबं अजून चमकतंय. मुकादमांना विचारलं तर म्हणाले की तुम्ही गाणी ऐकायला आलात की काम करायला?

आवाज बराचसा बाबांसारखा आहे. अर्थात या धंद्यात सगळ्यांची हाळी सारखीच.

सोमवार, १०

‘बराचसा’ हा शब्द चुकीचा होता. आवाज बाबांचाच आहे. शेवटचा ‘दे’ तोडून टाकायची त्यांची लकब, आणि ‘बास’ म्हणण्याआधी घेतलेला श्वास.

आज थाप पडल्याबरोबर मी उडी मारून मागे धावले. कुणी नव्हतं. फाळका आणि धक्का यांच्यामध्ये माणूस मावेल एवढी जागाच नव्हती. पलीकडे झाडणारी मावशी सांडलेलं सिमेंट गोळा करत होती. इथे माझ्याशी नीट बोलणारी ती एकटीच. पहिल्या दिवशी तिनं आपल्या डब्यातलं अर्धं मला काढून दिलं होतं. तिला विचारलं की मागे कोण होतं. ती म्हणाली, बाई गं, तिथे कोणी उभं राहत नसतं. मग आवाज कुणाचा, असं विचारलं तर खराट्याकडे बघत म्हणाली की तिला कमी ऐकू येतं, आणि त्याबद्दल ती रोज देवाला हात जोडते.

बाबांना सांगितलं. ते खूशच झाले. म्हणाले की पोरी, इतकं पक्कं शिकवलंय की माझा आवाज तुझ्या कानातच घर करून बसलाय. मला ते पटलं. नव्या कामाच्या ताणानं होत असेल तसं. भीती वाटत नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण अजून तरी भीतीपेक्षा सोबत जास्त वाटते.

गुरुवार, १३

अक्षर वाईट येतंय.

दुपारी भरलेली गाडी उलटी घेत होते. येऊ दे, येऊ दे. रोजच्या जागी ‘बास’ आलं नाही. डाव्या आरशाच्या कडेला काहीतरी पांढरं हललं. पदर. मी ब्रेक दाबला. नाही, दाबायचं ठरवलं. पाय हलेना, कुणी गुडघ्यावर हात ठेवून बसावं तसा. आणि मागून बाबा, प्रेमळ, बिलकुल घाई नसलेले : येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे.

कसा कोण जाणे, पाय सुटला. गाडी थांबली. मावशी धक्क्याला पाठ लावून उभी होती, फाळका तिच्या छातीला टेकलेला. खराटा मधोमध मोडला होता. ती ओरडली नाही. वाकून गाडीखालून निघाली आणि चपला तिथेच टाकून फाटकाबाहेर चालत गेली.

ओळीत बसलेल्यांपैकी कुणी मला शिव्या घातल्या नाहीत. त्याचीच मला जास्त भीती वाटली. एक जण नुसता म्हणाला की ही म्हातारी कशाला, ही काय चालणारे त्याला.

बाबांना सगळं सांगितलं, मावशीचंही. मावशीला लागलं का, हे त्यांनी आधी विचारलं. मग म्हणाले की माझ्या आवाजात कुणी माझ्या लेकीला चुकवत असेल, तर मीच येऊन तुझ्यामागे उभा राहतो. खरा आवाज एकदा ऐकलास की खोटा आपोआप कळेल. मी नको म्हटलं. पण खरं लिहायचं तर, जोर लावून नको म्हटलं नाही.

शनिवार, १५

उस्ताद आज माझ्याशी पहिल्यांदा बोलला. उस्ताद म्हणजे इथला सगळ्यात जुना ड्रायव्हर. पाण्याच्या टाकीपाशी गाडी उभी केली, रेडिओ चालूच ठेवला, आणि विचारलं की तुला कुणाचा येतो. मी म्हटलं, वडिलांचा. तो म्हणाला की ज्यानं गाडी शिकवली त्याचाच येतो; त्याला थोरल्या भावाचा यायचा. नवा माणूस आला की ते नव्याशीच बोलत बसतं आणि जुन्यांना जरा शांतता मिळते. म्हणून तर नव्याच्या गाडीतला रेडिओ काढायचा. टायर कसे अदलाबदल करावेत हे समजावून सांगावं, तसं सांगितलं त्यानं.

मी विचारलं की त्याला हवंय तरी काय. उस्ताद म्हणाला की आवाज त्याच्यापाशी आहे, माणूस नाही. त्याला तो माणूस हवा असतो.

उस्तादचा भाऊ एकदा सहज भेटायला आला होता. धाकटा गाडी कशी लावतो ते बघायला कौतुकानं मागे जाऊन उभा राहिला. भाऊ ‘बास’ म्हणत होता आणि भावाचाच आवाज ‘येऊ दे’ म्हणत होता. उस्तादनं ‘येऊ दे’ ऐकलं.

त्यानंतर कितीतरी वर्षं आवारात आवाज नव्हता, तो म्हणाला. सगळे सुखात होते. आणि रेडिओ आणखी मोठा करून निघून गेला.

मी धावत जाऊन घरी फोन लावला. बाबांना हातापाया पडून सांगितलं की येऊ नका. ते म्हणाले, तुझा आवाज असा झालाय म्हणजे आता यायलाच हवं. वहिनी म्हणाली की पिशवी भरून उंबऱ्याशी ठेवलीये त्यांनी. बस पुढच्या शुक्रवारी इथे पोचते.

सोमवार, १७

नोकरी सोडते असं सांगायला गेले. मुकादम हसले. माझं लायसन पहिल्या दिवसापासून त्यांच्या कपाटात आहे, तीन महिने भरले की देतात. मध्येच गेलात तर हरवलं म्हणू, म्हणाले. मग फार गोड आवाजात म्हणाले की वडिलांचा फोन आला होता. जुना माणूस, काय अदबीनं बोलतात! शुक्रवारी स्टँडवर जीप पाठवतो, म्हणाले, थेट धक्क्यापाशीच उतरवू, उगाच उन्हात चालायला नको. नजर अधू आहे ना त्यांची?

हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, आणि बाबा तर ते परक्या माणसाला मरेपर्यंत सांगणार नाहीत.

बाहेर आले तर एका ड्रायव्हरनं उठून मला बसायला जागा दिली. दुसऱ्यानं चहा आणून दिला. ताई म्हणाला.

रेडिओ नाही म्हणून गाडी लावताना मी आता मोठ्यानं पाढे म्हणते. आज एकोणतीसचा घेतला, त्यात सगळं लक्ष गुंततं. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. लहानपणासारखी तिथेच अडले.

मागून बाबा म्हणाले, एकशे सोळा.

मंगळवार, १८

आता मी गाडीत नसतानाही. जिन्यावर. नळापाशी. येऊ दे. आणि मी मागे पाऊल टाकते. माझ्या लक्षातही येत नाही. आज जिन्याच्या वरच्या पायरीवर, पाठमोरी, कठडा धरला म्हणून –

वहिनीला फोन केला. बाबा पहाटेच निघाले, वाटेत मुक्काम करत, बस बदलत येणार. त्यांच्याजवळ फोन नाही.

इकडे येणारी शेवटची बस गुरुवारी संध्याकाळी हायवेवरच्या मोठ्या थांब्यावर मुक्कामाला असते. तिथे जायचं. त्यांना तिथूनच परत न्यायचं. लायसन राहू दे इथे. दुसरं काहीतरी करीन. झाडू मारीन.

गुरुवारी. पहिल्या भोंग्याला फाटक उघडलं की.

बुधवार, १९

मुकादमांनी सकाळी गाडी भिंतीकडे तोंड करून लावायला लावली. जेवणाच्या सुट्टीत केबिनमध्येच डोळा लागला. आता दोन्ही बाजूंना गाड्या. इतक्या चिकटून की दार बोटभरही उघडत नाही. समोर भिंत. वाट फक्त मागे, धक्क्याकडे.

सगळ्यांचे रेडिओ चालू. गाडी कुणीच लावत नाहीये. नुसते बसलेत, काचा वर करून.

ठीक आहे. चाकाचे नट सोडवायची टॉमी सीटखाली आहे. जड लोखंड आहे. पुढची काच फोडून बाहेर पडता येईल. उद्या. सगळे गेले की. आज चावी लावायचीच नाही. चावी लावली नाही तर काही –

येऊ दे.

नाही.

मागून खोकला. बाबांचा. आवाज आजवर कधी खोकला नव्हता.

बाबा ड्रायव्हर माणूस. बसची वाट कशाला बघतील? रस्त्यात हात केला की कुणीही जुन्या ओळखीचा – एका रात्रीत –

पोरी, थांब, मी आलोय, असं म्हणाले. आणि लगेच दुसऱ्या बाजूनं, त्याच आवाजात, येऊ दे.

आरशात काही नाही. दोन कडा. ओरडले. रेडिओत काही ऐकू जात नाही –

इंजिन चालू आहे. मी नाही केलं. उजव्या हातात पेन आहे, मी लिहितेय. डावा – डावा हात गिअरवर आहे. उलट्या गिअरवर. मी त्याला सांगतेय सोड –

सगळे रेडिओ एकदम बंद झाले.

उजवा हात अजून माझा आहे. टॉमी उचलायची तर पेन ठेवावं लागेल. उद्या नाही. गुरुवारी नाही. आज, बुधवारी, आत्ता –