बाबांची गुलाबी बाटली

ती. आईस,

पाया पडते. गुडघे कसे आहेत? मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, खोलीही हवेशीर आहे. उगाच काळजी करू नकोस.

प्रयोगशाळेत मला बाबांचंच टेबल मिळालंय. कपाटात त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी लावलेली एक बाटली सापडली. बूच गच्च, आत फिकट गुलाबी पाणी. त्यात एक दुर्मिळ धातू विरघळलेला आहे. एरवी तो गाळ होऊन तळाशी बसला असता. पण पाण्यात कार्बोनेट भरपूर असलं की ते त्याला धरून ठेवतं, खाली बसू देत नाही.

ते कार्बोनेट आलं कुठून, हे इथल्या शिपाईकाकांनी सांगितलं. "तुझ्या बाबांना गॅसचं सिलिंडर लावायचा कंटाळा. नळी तोंडात धरून क्षाराच्या पाण्यात फुंकत बसायचे." घरी बल्ब बदलायचाही कंटाळाच होता ना!

श्वासातला वायू त्या पाण्यात मुरला की त्याचं कार्बोनेट होतं. म्हणजे आई, इतकी वर्षं त्या धातूने बाबांचा श्वास धरून ठेवलाय.

इथल्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, धातू परत हवाय, आम्ल घाल. आम्ल घातलं की कार्बोनेट सुटतं आणि वायू होऊन निघून जातं. मी अर्धं पाणी काचेच्या भांड्यात काढून त्यात आम्ल घातलं. फसफसलं नाही गं. बुडबुडे सावकाश, एका लयीत आले आणि मध्येच थांबले. झोपेत बाबांचा श्वास अडकला की तू कोपर मारायचीस, तसं मी भांड्याला बोटाने टोचलं.

पुन्हा सुरू झाले.

उरलेली अर्धी बाटली मी लपवून ठेवलीये. सुट्टीत येताना आणू का? नीट विचार करून कळव. एकदाच ऐकता येईल.

तुझी,
बारकी