शेवटच्या सामन्याआधीचा बुधवार

थॉर्नशॉ,
सोमवार, दुपार

प्रिय कर्टिस,

दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या मुलाला आईनं पत्र लिहिलं, म्हणजे एक तर तिचा फोन बिघडला असणार किंवा डोकं, असं तुला वाटेल. माझं दोन्ही ठणठणीत आहे. पण तोंडानं सांगायला गेले की तू "बरं बरं, आई" म्हणत चहाचं आधण ठेवायला उठतोस, आणि मीही लगेच विषय बदलते. हे आपल्या दोघांच्याही अंगवळणी पडलंय. हे पत्र तू एकट्यानं वाचू नकोस. माझ्या सुनेला, जेमाला, शेजारी बसव आणि मगच पुढे जा. यातलं बरंचसं तुला ठाऊक आहे, पण मला ते क्रमानं सांगू दे, नाहीतर शेवटी माझा धीर सुटेल.

आपल्या रग्बी क्लबचा नवा कोच म्हणून हेमी पराता नोव्हेंबरात आला. चेअरमननं वरच्या मजल्यावर सँडविचेस मांडून ठेवली होती, आणि हा बुवा आधी उतरला तो माझ्या धुण्याच्या खोलीत. फरशी नुकतीच पुसली होती, तर दारात बूट काढून नुसत्या मोज्यांवर आत आला. "बावीस वर्षं या क्लबचे कपडे धुताय म्हणे तुम्ही, मावशी. मग खेळाडूंची माहिती मला तुमच्याकडूनच घ्यायला हवी," म्हणाला. न्यूझीलंडात त्याच्या माओरी लोकांत वयानं मोठ्या बाईला मावशीच म्हणतात. मी त्याला बाळा म्हटलं, कारण मी सगळ्यांनाच म्हणते, चेअरमनलासुद्धा. घरी येऊन मी तुला सांगितलं की नवा कोच माणूस बरा दिसतोय. तू म्हणालास, "सहा सामने हरू दे गं, मग बघू तुझा बाळ कसा दिसतो ते."

मग जानेवारीत तुमची डोक्याची चाचणी झाली. आकडे उलटे म्हणायचे, शब्द लक्षात ठेवायचे, आज कोणता महिना ते सांगायचं, एका पायावर उभं राहायचं. धडधाकट असताना मिळालेले गुण वर्षभर नोंदलेले राहतात, आणि सामन्यात डोक्याला मार बसला की डॉक्टर पुन्हा चाचणी घेऊन त्यांच्याशी ताडून बघतात. त्या रविवारी तू आणि डॅझ माझ्याकडे जेवायला होतात. डॅझ म्हणजे डॅझच. संघातला सगळ्यात आडदांड गडी, तिसरं यॉर्कशर पुडिंग रश्शात बुडवत म्हणाला, "काकू, मी पाचातले दोनच शब्द सांगितले. डॉक्टर म्हणतात, झोप होते ना रे नीट?" आणि तू म्हणालास, "मी तर महिनाच चुकवला. जानेवारीत जुलै सांगून आलो." मुद्दाम चुकायचं, म्हणजे पुढे खरंच डोकं भणभणत असलं तरी गुण तेवढेच पडतात आणि मैदानात परत सोडतात. तुम्ही जुन्या खेळाडूंनी ही युक्ती एकमेकांना शिकवलेली, आणि तेरा वर्षं खेळल्यावर तू तर त्यात मास्तर. आणि मी काय केलं? मी हसले, कर्टिस. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि तुझ्या ताटात आणखी बटाटे वाढले. आता ते आठवलं की माझं मलाच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

हेमीला या युक्तीचा वास आला असावा. त्यानं सरावाच्या दाराशी खुंटीवर सहा पिवळे बिब टांगले, जर्सीवरून घालायचे. नियम एकच. ज्याला डोकं जड वाटतंय, उजेड सहन होत नाही, त्यानं स्वतः उठून पिवळं घालायचं. त्या दिवशी त्याला कुणी टॅकल करून पाडायचं नाही, कारण विचारायचं नाही आणि त्याची जागा जाणार नाही. तुम्ही पहिल्याच सकाळी त्याची चेष्टा केलीत. डॅझ ओरडत होता, "घाला रे पिवळं, आणि जाता जाता दोन अंडीही घालून जा." तू कॅप्टन. तू गप्प करायला हवं होतंस, पण सगळ्यात मोठ्यानं तूच हसलास. मी दर सोमवारी चिखलानं माखलेल्या जर्स्या धुवायची आणि ते सहा बिब माझ्याकडे यायचे ते घडीही न मोडलेले. इस्त्री करून पुन्हा खुंटीला लावायचे, बस. नऊ महिन्यांत एकालाही चिखल लागला नाही.

पहिल्या नऊ सामन्यांत आपण सात हरलो आणि गावानं हेमीला फाडून खाल्लं. आपल्या मिल लेनच्या मैदानातल्या स्टँडमधून लोक ओरडायचे, "परत जा, मेंढ्या राख." तो मागे वळूनही बघायचा नाही. मग मे महिन्यात काहीतरी जुळलं. तू जमिनीवरून चेंडू उचलून पहिला पास द्यायचास तो असा की पुढच्याला पळायच्या आधीच वाट मोकळी दिसायची. ते तुझं काम मी बारा वर्षं बघत आले होते, पण यंदासारखं कधी बघितलं नव्हतं. आणि जुलैत ऑल्डरबीविरुद्ध त्यांच्या त्या धिप्पाड गड्याचा गुडघा तुझ्या कानशिलावर बसला. मी टॉवेल घेऊन रेषेपाशीच होते. तू उठलास तो त्यांच्या घोळक्यात जाऊन उभा राहिलास. तुला आत नेलं. पंधरा मिनिटांनी डॉक्टरांनी दारातून अंगठा दाखवला, की गुण जानेवारीएवढेच आहेत. सगळ्या मैदानात तो अंगठा खोटा आहे हे तिघांनाच माहीत होतं. तुला, डॅझला आणि मला. तू परत आलास, शेवटच्या मिनिटाला चेंडू त्यांच्या रेषेपलीकडे टेकवून ट्राय केलास, आपण जिंकलो आणि पाच हजार लोक तुझं नाव घेऊन नाचले. मीसुद्धा नाचले.

धुणारीपासून काही लपत नाही हे तुला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. ऑगस्टात स्टेनरिगहून सामना खेळून आलात त्या सोमवारी तुझी नऊ नंबरची जर्सी पिशवीच्या तळाशी, दुसऱ्या पिशवीत गाठ मारून ठेवलेली होती. ओकारीचा वास झाकायला तू त्यावर आंघोळीचा साबण चोळला होतास. त्या सामन्यात तुला काही लागलं असं कुणाच्याच तोंडून आलं नव्हतं. मी ती जर्सी दोनदा धुतली आणि गप्प बसले. मनाशी म्हटलं, आता पाच आठवडे राहिलेत. तू जाहीरच केलं होतंस की या हंगामानंतर बूट टांगणार. पाच आठवडे डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं की मुलगा घरी आला, असं मी स्वतःला समजावत होते.

हंगामाचा शेवटचा शनिवार तर तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. ऑल्डरबीला हरवलं तर आपण वाचतो, नाहीतर खालच्या गटात. खालच्या गटात पूर्णवेळ पगार नाही, म्हणजे निम्म्या पोरांना पुन्हा गोदामात आणि छपरांवर जाऊन संध्याकाळी सराव करावा लागणार. शिवाय तुझा निरोपाचा सामना. तुझी लेक आयला तुझा हात धरून मैदानात येणार म्हणून मी तिला नऊ नंबरची एवढीशी जर्सी शिवली होती. आणि शुक्रवारी दुपारी हेमीनं यादी लावली, त्यात तुझं नाव नाही. तू त्याच्या खोलीत गेलास तेव्हा तुझा आवाज माझ्या मशीनच्या घरघरीवरून ऐकू येत होता. "कारण सांग. तोंडावर कारण सांग माझ्या." आणि त्याचं उत्तर एवढंच, "निवड माझी आहे, कर्टिस." दुसऱ्या दिवशी तुझ्या जागी एलियट खेळला. जीव तोडून खेळला पोरगा, त्याला बोल लावू नकोस. दोन गुणांनी मागे, चाळीस सेकंद उरलेली, समोर ऑल्डरबीची रेषा, आणि त्याचा पास डॅझच्या पाठीमागून जमिनीवर गेला. तो पास तू झोपेतही दिला असतास. अठरा-वीस. मंगळवारी हेमीला काढलं. बुधवारी त्याची बायको मासे आणि चिप्स आणायला गेली, तर कढईत मासे तळत असताना दुकानदार म्हणाला, "संपले." गुरुवारी पेपरात तुझी मुलाखत आली, "या माणसानं माझा शेवटचा सामना चोरला." ते वाक्य गावानं दुकानांच्या काचांवर चिकटवलंय.

आता मला थोडं मागे जायचंय, त्या सामन्याआधीच्या बुधवारी. दुपारी चारला मला यास्मिनचा फोन आला. गार्नेट स्ट्रीटवरचं तुमचं जुनं घर घेतलं ती यास्मिन. तुमच्या सामानाचं काही राहिलं असेल म्हणून तिनं माझा नंबर जपून ठेवला होता. ती दबक्या आवाजात म्हणाली, "काकू, तुमचा कर्टिस आलाय. दहा मिनिटं झाली, आमच्या दाराला किल्ली लावून बघतोय. लागत नाही म्हणून चिडलाय. पोरगी गाडीत आहे, ती विचारतेय, बाबा, आपण इथे का आलो." सहा वर्षं झाली तुम्ही ते घर सोडून. आयलाचा तर जन्मही त्या घरातला नाही. यास्मिननं तुला आत बसवलं, चहा दिला, आणि थोड्या वेळानं तू हसून म्हणालास, सवयीनं वळलो. तू गेल्यावर पुन्हा फोन करून ती मला म्हणाली, "मलाही आधी हसू आलं, काकू. पण त्यानं मला विचारलं, जेमा कुठाय? माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून." हे मला ठाऊक आहे, हे तुला ठाऊक नसेल. जेमालाही तू सांगितलं नसशील. आता ती तुझ्या शेजारी बसून वाचतेय, म्हणून मला जरा बरं वाटतंय.

यास्मिनचा दुसरा फोन ठेवला, कोट चढवला आणि मी तडक मिल लेनला गेले. हेमीच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. चाचणीत चुकवलेला महिना, साबण चोळलेली जर्सी, यास्मिनचं दार. तुला त्या यादीतून मी काढलं, कर्टिस. हेमीनं नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हे डॉक्टरांना सांगायला हवं." मी त्याचे पाय धरायचेच बाकी होते. म्हटलं, कुणी सांगितलं ते बाहेर पडलं तर माझा मुलगा जन्मात माझं तोंड बघणार नाही. तो म्हणाला, "बरं. मी तुमचं नाव घेणार नाही आणि त्याला खेळवणारही नाही. पण हंगाम संपला की लगेच त्याला डॉक्टरांकडे तुम्ही न्यायचं, मावशी. शब्द द्या." मी शब्द दिला. आज बारा दिवस झाले, मी तो पाळलेला नाही. त्या माणसानं माझ्यासाठी नोकरी घालवली, शिव्या खाल्ल्या, बायकोचा अपमान सोसला, पण तोंड उघडलं नाही, आणि मी रोज सकाळी दुकानांच्या काचांवर तुझं ते वाक्य वाचत कामाला जातेय. काल निरोप घ्यायला आला तेव्हाही तो म्हणाला, माझं नाव चांगलं करायच्या भानगडीत पडू नका, पोराचं बघा. गुरुवारी त्याचं विमान आहे. त्याच्याकडे जायचं की नाही ते तू ठरव. डॉक्टरांचं मात्र मी ठरवलंय. उद्या सकाळी साडेनऊची वेळ घेतली आहे. जानेवारीतली उत्तरं खोटी होती हे तू सांगायचंस, बाकीचं मी सांगेन. समोर बसून न बोलता पत्र का लिहिलं, ते आता सांगते. सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, मी तुला बुधवारचं हे सगळं सांगितलं होतं, राजा, अगदी हेच, माझ्या स्वयंपाकघरात. तू रडलास, माझा हात धरलास. आणि सोमवारी सकाळी फोन करून मला विचारलंस, "आई, काल मी तुझ्याकडे आलो होतो का गं?"

रागावलास तरी तुझीच,
आई
(गेनर)